कापलेल्या पट्ट्यांची घड्याळं

भूमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या राजपाल ओव्हाळांना जुन्या घड्याळांचा भारी नाद. आठवडी बाजारातनं ते घरी आले की बायको, पौर्णिमा, पिशवीच्या आधी त्यांचं मनगट बघायची. सेलवर चालणाऱ्याला ते घड्याळच म्हणत नसत. हात हलला की आपोआप चावी मिळाली पाहिजे, तर ते खरं घड्याळ, असं त्यांचं ठाम मत.

यंदाच्या उन्हाळ्यात बाजारात उत्तरेश्वर नावाच्या माणसाच्या फडक्यावर त्यांना तसलं एक जपानी घड्याळ दिसलं. निळी तबकडी, काचेवर चरे, पट्टा मात्र कोरा करकरीत. बाजूची चावी गायब होती. मागचं झाकण उघडलं तर आतलं अर्धचंद्रासारखं फिरणारं वजन, ज्याला कारागीर रोटर म्हणतात, तेही नव्हतं.

"पार्ट घरी हायेत सर," उत्तरेश्वर म्हणाला. "लोहाऱ्याला या, बसवून देतो."

राजपालांनी घड्याळ घेतलं, आणि सुट्टी बघून एसटीनं लोहारा गाठला.

उत्तरेश्वराच्या ओसरीत पाय ठेवताच त्यांना कसंतरी झालं. कोपऱ्यात पिचकाऱ्यांचा थर साचला होता. उत्तरेश्वर करंगळीच्या वाढवलेल्या नखानं दात कोरायचा आणि त्याच नखानं घड्याळाचं झाकण उचकटायचा. राजपालांनी नजर फिरवली. पार्ट मिळतोय म्हटल्यावर माणूस बरंच गिळतो.

उत्तरेश्वरानं आतनं तेलाचा एक चपटा डबा आणला आणि पालथा केला. घड्याळंच घड्याळं. काचा फुटलेल्या, काटे वाकलेले, सांधीसांधीत मातीची पुटं. त्यातल्याच एका घड्याळाचा रोटर त्यानं काढला, दुसऱ्याची चावी काढली आणि राजपालांच्या घड्याळाला बसवली. राजपालांनी मनगट हलवलं. आतनं बारीक घरघर आली, सेकंद काटा सरकायला लागला. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष त्या ढिगाकडं गेलं. स्टीलचे पट्टे होते, चामड्याचे होते, पण एकाचंही बक्कल उघडलेलं नव्हतं. सगळे मधोमध कापलेले.

"हे पट्टे असे कसे वं?"

उत्तरेश्वरानं तोंडातला तोबरा गालात सारला. "किल्लारीच्या भूकंपातला माल हाय सर. त्येवढ्यात बक्कल काढायला कुणाला येळ? मढ्यांचे हात सुजलेले. कटरनं कापायचं, खिशात टाकायचं. मदतीला आलोय म्हणलं की कुणी अडवत नव्हतं. जेवाण बी मिळायचं." आणि तो हसला. मोठा पराक्रम सांगितल्यासारखा.

"आणि हे? माझ्या हातातलं?"

"त्येच की. पट्टा तेवढा नवा टाकला."

 राजपालांनी घड्याळ ओरबाडून काढलं. मनगटाचा तो भाग आपला नाहीच असं वाटायला लागलं.

"मी पोलिसात सांगतो."

"सांगा की. घड्याळ तुमच्याच हातात हाय."

लोहाऱ्याहून सास्तूर जवळच. तिथं पौर्णिमाची चुलती, सुमनबाई, एकटी राहायची. भूकंपाच्या पहाटे तिचा नवरा आणि दोन्ही लेकरं दगडमातीखाली गेली होती. तिच्याकडं जायचं असं काही राजपालांनी ठरवलं नव्हतं. पाय तिकडं वळले. हातरुमालात गुंडाळलेलं घड्याळ दाराबाहेरच ठेवून त्यांनी आधी रांजणाजवळ हात धुतले. परत धुतले. सुमनबाई बघत राहिली.

"काय झालं जावईबापू?"

त्यांनी सगळं सांगितलं.  सुमनबाई म्हणाली, "आमच्या ह्यांच्या हातात घड्याळ होतं. लग्नातलं. सापडलं तवा मनगट नुसतंच होतं. मला वाटलं, मातीत गेलं आसंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या मदतीवाल्यांस्नी भाकरी आमच्याच बाया थापायच्या की वं. ह्या हातानं वाढलंय म्या."

रुमालातलं घड्याळ तिनं उघडून पाहिलं. ते तिच्या नवऱ्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनबाईनं गोळा केलेल्या सास्तूरच्या सात-आठ म्हाताऱ्या एका टमटममध्ये बसल्या. राजपाल पुढं, ड्रायव्हरशेजारी. उत्तरेश्वराच्या दारात बाया मांडी घालून बसल्या. सुमनबाईनं एवढंच सांगितलं, "डबा दे."

उत्तरेश्वर खवळला. कसला डबा, कोण म्हणतंय, पुरावा काय, म्हणून त्यानं गल्ली गोळा केली. गल्लीनं ऐकलं आणि निम्मी गल्ली आपापल्या दारात जाऊन उभी राहिली. एक जण तर म्हणाला, "मावशी, झालं गेलं. एवढ्या वर्षांनी कशाला उकरताय?" राजपालांना त्या माणसाचीही शिसारी आली. स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध, आणि तोंडात हे.

मग आतनं उत्तरेश्वराची सून निकिता बाहेर आली. डबा तिनं हातात धरला नव्हता. जुन्या पोत्यात घालून पोत्याचं टोक चिमटीत धरलं होतं. तिनं तो बायांपुढं ठेवला.

"ह्या डब्याशेजारीच माझं पिठाचं पिंप हाय," ती सासऱ्याकडं न बघता म्हणाली. "मला म्हणले, भंगार हाय."

उत्तरेश्वर तिच्या अंगावर धावला, पण म्हाताऱ्या उठून मध्ये उभ्या राहिल्या.

डबा सास्तूरला आणला. बायांनी एकेक घड्याळ पुसून पाहिलं. ओळख एकाचीही पटली नाही; एवढ्या वर्षांचा गंज. जुन्या गावठाणात, जिथं आता बाभळी माजल्यात, तिथं खड्डा खणला. राजपालांनी आपलं चालू घड्याळ रुमालासकट त्यात टाकलं. माती लोटताना ते टिकटिकतंय की काय, या विचारानं त्यांनी आणखी दोन पाट्या माती लोटली. सुमनबाई रडली नाही. "हात धुवा," म्हणाली, "मग च्या घ्या."

राजपालांनी पोलिसात तक्रार दिली. माल कुठाय, असं तिथं विचारलं. माल पुरला होता, आणि तो पुन्हा उकरायला राजपाल तयार नव्हते. तक्रार तिथंच राहिली.

पावसाळा लागायच्या बेतात असताना भूमच्या बाजारात उत्तरेश्वर पुन्हा बसला. फडकं नवं, घड्याळं वेगळी, दात कोरणं तेच. भोवती गिऱ्हाईक. राजपाल सरळ गर्दीत घुसले आणि मोठ्यानं बोलले, एकही शब्द न गाळता. मेलेल्यांची मनगटं, कटर, सास्तूर, सगळं. दोघं-तिघं हातातलं खाली टाकून चालते झाले. एक बाई उत्तरेश्वराच्या फडक्यावर थुंकली.

एक जण मात्र हललाच नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घड्याळ कानाला लावलं आणि राजपालांनाच विचारलं,

"ते ठीक हाय सर, पण टाईम बरोबर दाखवतंय का?"