हत्तीधोंड्याची नदीकडची बाजू

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला सांगलीहून मी वाईच्या वरच्या अंगाला, डोंगराखालच्या एका गावात शाळामास्तर होऊन आलो. मी बावीस वर्षांचा होतो. शाळा सुटली की करण्यासारखं काही नसे, म्हणून नदीकाठानं फिरायला जाई. तिथे गवताच्या माळावर एक प्रचंड काळा दगड होता. कधीकाळी वरच्या कड्यातून सुटून आला असावा. अडीच पुरुष उंच, एकटाच. गाव त्याला हत्तीधोंडा म्हणे.

एके दिवशी त्या दगडावर मला एक बाई चढताना दिसली. चाळिशीची, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, अनवाणी. खाली तिचा विळा आणि गवताचे दोन भारे. दगडाचं पोट पुढे आलेलं होतं. तिथे धरायला काहीच दिसत नव्हतं. तिनं एका चिरेत दोन बोटं रुतवली, कमरेएवढ्या उंचीवर टाच टेकवली आणि क्षणभर थांबली. मग घाई नाही, धडपड नाही, सरळ वर गेली.

ती उतरल्यावर मी विचारलं, “वर काय होतं?”

“काय न्हाई.”

“मग चढलात कशाला?”

“घरात अकरा मानसं हायत, गुरुजी. समदी मलाच हाका मारत्यात. धोंड्यावर असलं का मला काय बी ऐकू येत न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून मीही धोंड्यावर चढायच्या मागे लागलो. आठ दिवसांत बोटांची सालं निघाली. पोटाखालच्या जागेपर्यंत जाई आणि तिथे मन कच खाई. हात सुटण्याच्या आधीच मी मनात पडलेला असे. गवत कापता कापता ती बघत असायची. एकदा आपले भारे माझ्याखाली आणून टाकले आणि म्हणाली, “आवं, हातानं कशाला वढताय? हात लवकर थकत्यात. पायावर इस्वास ठेवा. आन पडायचंच आसंल तर ह्या गवतावर पडा, भ्या नगा.”

मी पडलो. पाच-सहा वेळा पडलो. पडल्यानं फारसं काही होत नाही हे कळलं, तसा डोक्यातला कालवा कमी होत गेला. महिनाभरानं एका दुपारी डोळ्यांपुढे फक्त ती चीर उरली. गाव नाही, शाळा नाही, उंचीसुद्धा नाही. पाय कधी उचलला ते आठवत नाही. छाती माथ्यावर टेकली तेव्हा दगड उन्हानं तापला होता आणि मी त्याला मिठी मारून हसत होतो.

उठून खाली बघितलं आणि हसू थिजलं. आता उतरायचं कसं? कडेला पालथा झालो, पाय खाली सोडले, पण दगडाच्या पोटाखाली काय आहे ते दिसेना. पाय हवेत चाचपडत राहिला. दोनदा परत वर सरकलो. ती माळावर गवत कापत होती; शेवटी लाज सोडून तिला हाक मारली.

ती सावकाश आली. भाऱ्यावर भारा रचून त्यावर उभी राहिली, विळा उलटा धरला आणि त्याची मूठ वर दगडावर ठोकली. टक्, टक्.

“आवाज कुठनं येतोय? तिकडं पाय न्या. डोळ्यानं हुडकू नगा.”

मी डोळे मिटले. टक्, टक्. पाय आवाजाच्या दिशेनं सोडला. अंगठ्याला रुपयाएवढा उंचवटा लागला. एवढ्याशा जागेवर सगळं शरीर सोपवायचं होतं. मी सोपवलं. त्यानं मला धरलं. पुढचा आवाज, पुढची जागा. शेवटी जमिनीला पाय लागले. तिनं गवत झटकलं आणि भारे बांधायला घेतले.

मला वाटलं होतं, या धोंड्याचं तिला सगळं साधलंय. पण एकदा धोंड्याच्या नदीकडच्या बाजूला गेलो तर तिथे ती त्याच्या गुळगुळीत उभ्या अंगाशी झगडत होती. अर्ध्यावरून पडली. माती हाताला चोळली, पुन्हा चढली, पुन्हा पडली.

“किती दिवस चाललंय हे?” मी विचारलं.

“चार वर्सं.”

मी महिन्याभरातच स्वतःवर खूश झालो होतो.

माझी कडेगावला बदली झाली, त्याच्या आदल्या सकाळी निरोप घ्यायला माळावर गेलो. ती नदीकडच्या अंगाशी कपाळ टेकवून उभी होती. मी लांबच थांबलो. ती चढली. रोज जिथून पडायची तिथे उजवा हात वर न नेता नुसता तळवा दाबून ती वळली, जसं कुणी चिंचोळ्या बोळात अंग वळवावं. डावा पाय वर आला. मग माझ्या डोळ्यांदेखत ती माथ्यावर होती.

ती गुडघ्यांना मिठी मारून बसून राहिली. ऊन बरंच वर आलं तेव्हा खाली उतरली. तिचे डोळे ओले होते.

“आदी पाय सरकवायचा हुता, गुरुजी,” ती म्हणाली. “येवढंच हुतं. चार वर्सं मी हात सरकवत हुते.”

मग विळा उचलून माळाकडे बघत म्हणाली, “लय येळ झाला. गवत तसंच पडलंय.”