माझी चूक, आप्पांच्या नावावर

योग शिकवताना आप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरायचे. अकरा वर्षांत त्यांनी कोणाच्या खांद्याला, गुडघ्याला, पाठीला बोट लावलेलं मी पाहिलं नाही. कोणी कारण विचारलं की म्हणायचे, "स्टेरिंग ज्याचं त्याच्या हातात. मी शेजारी बसून रस्ता सांगनार." एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. शिरूर-दौंडच्या खड्ड्यांत निम्मी पाठ घालवली आणि उरलेली वाचवायला पुण्याला जाऊन योग शिकले. निवृत्तीनंतर शिरूरच्या एका समाजमंदिरात फुकट शिकवायला लागले.

शाबास म्हणणं त्यांना माहीत नव्हतं. माझं मार्केट यार्डाजवळ बी-बियाण्यांचं दुकान आहे. कंबर धरली म्हणून मी त्यांच्याकडे गेले, तर तीन महिने नुसतं उभं केलं. मी चिडून म्हणाले, "आप्पा, दुकानात मी दिवसभर उभीच असते."

"तू उभी नसतीस. काउंटरला टेकलेली असतीस."

खरं होतं, म्हणून जास्त राग आला. कंबर मात्र सुधारली. हेही लिहिलं पाहिजे.

बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. त्या दुपारी खुरपणीला, कांदे लावायला जाणाऱ्या बायका वर्गाला यायच्या. बाजाराच्या पिशव्या खिडकीच्या गजांना अडकवायच्या आणि आप्पा त्यांना चादरीची वळकटी पाठीखाली घेऊन उताणं झोपवायचे. पंधरा मिनिटं तेवढंच. पुढे वाकायचं एकही आसन नाही. मी विचारलं तर म्हणाले, "वाकायला त्यांना मालक हाय की. हितं सरळ व्हायला येत्यात."

सुमन नावाची एक उंच, तोंडाळ बाई होती. ती पडल्या पडल्या म्हणायची, "आप्पा, घरी येवढी निवांत पडले तर सासू नाकापुढं सूत धरंल!" सगळ्या खिदळायच्या. आप्पा हसायचे नाहीत. "श्वास सोड आधी, मग सासूला सोड," म्हणायचे.

मला हे सगळं कमी वाटायला लागलं. योग म्हणजे एवढंच का? मी दुकान नवऱ्यावर टाकलं आणि पुण्यात महिनाभर राहून शिक्षकांचा कोर्स केला. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत आसनं, स्नायूंची नावं, हाडांची चित्रं, दुसऱ्याचं आसन हाताने दुरुस्त कसं करायचं ते. परीक्षेत पहिली आले. परत आल्यावर आप्पांना सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि समोर चप्पल काढणाऱ्या सुमनकडे मान वळवली.

"हिचं काय दुखतंय, सांग."

मी बघत राहिले. मला काही दिसलं नाही.

"डावा पाय हळू टाकतीय. पंधरा दिवस झालं. महिनाभर शिकलीस त्यात मानसाकडं बघायचं कुनी शिकवलं न्हाई व्हय?"

हा अपमान मी विसरले नाही. दोन आठवड्यांनी पुतण्याच्या लग्नाला जाताना आप्पा मला म्हणाले, "बायांचा वर्ग घे. वळकटीवर झोपव, बास." मी वळकट्या कोपऱ्यातच ठेवल्या. बायकांना पाय पसरून बसवलं आणि पश्चिमोत्तानासन शिकवलं. सुमन सहज वाकली. दिवसभर वाकणारी बाई, वाकणारच. कपाळ गुडघ्यापासून चार बोटं वर राहिलं होतं. पुण्यात शिकवलं होतं तसं मी तिच्या श्वासाबरोबर तिच्या कमरेवर दोन्ही तळवे ठेवून दाबलं.

ती ओरडली नाही. तिच्या तोंडून नुसती हवा गेली. नंतर तिला उठता येईना.

मणक्यातली चकती सरकली होती. कांद्याच्या लावणीचा सगळा हंगाम ती खाटेवर होती. तिचा नवरा समाजमंदिराच्या कमिटीकडे गेला. त्याचा राग बरोबर होता. कमिटीने सगळ्यांना बोलावलं. मी काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते, पण माझ्याआधी आप्पा उभे राहिले.

"ह्या ताईंना मीच सांगून गेलो व्हतो, असं घ्या म्हनून. चूक माझी हाय."

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी गप्प बसले. त्यांनी मान हलवली म्हणून बसले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. चेअरमननी हात पुढे केला. आप्पांनी खिशातून समाजमंदिराची किल्ली काढून त्यावर ठेवली. अकरा वर्षांचा वर्ग पाच मिनिटांत बंद झाला.

ते कासुर्डीला मुलीकडे राहायला गेले. महिन्याने मी तिथे भांडायला गेले. ओसरीत बसून ते नातीची वेणी घालत होते.

"आप्पा, मी सगळ्यांना खरं सांगणार."

"मग बाया तुझ्याकडं कवा येतील का? मी आता किती दिस पुरनार? माझ्यामागं त्यांना तूच हायेस."

"मला विचारलंत का तुम्ही?"

"न्हाई इचारलं."

"आणि स्टेरिंग ज्याचं त्याच्या हातात म्हणता! माझी चूक माझ्या हातातून कोणी काढून घेतली?"

त्यांनी वेणीला रिबीन बांधली. मग म्हणाले, "चहा घेतीस का?"

मी चहा घेतला आणि परत आले. येताना गाडीत मला सुटल्यासारखं वाटलं. आप्पांवर माझा राग आहे, चेअरमनवरही आहे, पण त्या गाडीत खिडकीशी निवांत बसलेल्या बाईवर जेवढा आहे तेवढा कोणावरच नाही. ज्या वर्गासाठी त्यांनी नाव घालवलं, त्याची किल्ली मागायलाही मी गेले नाही. सुमनला भेटायला दोनदा गेले. फळं दिली, औषधं विचारली, मूळ विषय सोडून सगळं बोलले.

आठ महिन्यांनी आप्पा झोपेत गेले. दशक्रियेला शिरूरहून पुष्कळ माणसं आली. सुमनला अजून खाली बसता येत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती. मी तिच्या पायाशी बसले होते. आमच्याकडे दशक्रियेला माइक असतो आणि ज्याला पद आहे तो बोलतो. चेअरमन उठले. "आप्पांचं काम फार मोठं. मानूस म्हटला की येखादी चूक व्हती. आमच्या कमिटीनं ती पोटात घातली..."

सुमन माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "कमिटी बसली त्या दिवशी वाटलं, तुम्ही बोलाल. घरी आलात तवा वाटलं, आता बोलाल. मी वाट बघत व्हते, ताई. कुनाला बोट न लावनारे आप्पा तुम्हाला दाबायला सांगतील का?"

"तुला माहीत होतं, तर तू का नाही सांगितलंस?"

"माजीच पाठ गेली आन् मीच सांगू व्हय?"

मी उठले. दशक्रियेत बायका बोलत नाहीत, त्यामुळे मला कोणी वाट देईना. मी माणसांमधून घुसून पुढे गेले आणि चेअरमनच्या हातातला माइक घेतला.

"सुमनची पाठ मी दाबली होती. आप्पा नुसतं वळकटीवर झोपव म्हणून गेले होते, तरी मी केलं. त्यांनी माझी चूक अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली."

चेअरमन माइककडे हात करत म्हणाले, "ताई, ही काय हे बोलायची जागा न्हाई."

"नाही. जागा तुमच्या कमिटीसमोर होती. तिथे बोलले नाही, म्हणून आता सगळ्यांना ऐकावं लागतंय," मी म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.