बदली तासांचे हेडसर

आमच्या हेडसरांना नाही म्हणता येत नाही, हा शोध शाळेत सर्वांत आधी मी लावला. त्याचा मला बरेच दिवस अभिमान होता. मी नववी-दहावीला इतिहास शिकवतो. निदान पगार तरी त्याचाच घेतो.

बावीस वर्षं गणित शिकवल्यावर संस्थेने त्यांना वर्षाच्या बोलीवर हेडमास्तर केलं. वर्ष नीट गेलं तर कायम, नाहीतर परत खडू आणि फळा. त्यांच्या बायकोने ‘मुख्याध्यापक’ लिहिलेली दारावरची पाटी करून आणली होती, आणि कायम होईपर्यंत ती कपाटात साड्यांखाली ठेवली होती. संस्थेने त्यांना पाच दिवस नेतृत्वाच्या प्रशिक्षणालाही पाठवलं. तिथून ते उशीएवढी जाड फाइल घेऊन आले. दूरदृष्टी, प्रेरणा, संघभावना, सगळं होतं तिच्यात. सासू आजारी आहे म्हणून शिक्षक रजा मागायला आला तर काय करायचं, असं त्यांनी तिथे विचारलं होतं. तो मुद्दा चहानंतर घेऊ, असं उत्तर मिळालं. चहानंतर फोटो काढले आणि सगळे घरी गेले.

त्यामुळे माझ्या सासूबाई त्या वर्षी चार वेळा, दर वेळी पंधरवडाभर, अत्यवस्थ झाल्या. प्रत्यक्षात त्या इतक्या ठणठणीत आहेत की जिना चढताना मला मागे टाकतात. अर्ज पुढे केला की हेडसर चष्मा पुसायचे, काळजी घ्या म्हणायचे आणि सही करायचे. मग रिकाम्या तासाला कोण जाणार, हे बदली तासांच्या वहीत लिहावं लागतं. स्टाफरूममध्ये गप्पा मारत बसलेल्या कुणाला उठवायचं तर तोंड उघडणं आलं. त्यापेक्षा ते वहीत स्वतःचंच नाव लिहायचे आणि खडू घेऊन निघायचे. माझं बघून बाकीच्यांचंही फावलं. ड्रॉइंगच्या बाईंचं डोकं दर शुक्रवारी दुखायला लागलं. हेडसर फळ्यावर फुलदाणी काढायचे, मुलं वहीत बादली काढायची. ऑफिसात फोन बोंबलत असायचा आणि हेडमास्तर सहावी ‘ब’मध्ये.

वर्षअखेर संस्थेची कमिटी आली आणि अध्यक्षबाई थेट नववीच्या वर्गात शिरल्या. तास माझा. नऊ धडे पूर्ण, असं मी दैनंदिनीत ठोकून दिलं होतं. शिकवले होते तीन. बाईंनी नेमका नवव्या धड्यावरचा प्रश्न विचारला. पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि तिने घडाघडा उत्तर दिलं, सनावळीसकट. मी तोंडात बोट घालायचा बाकी होतो.

“छान. सरांनी चांगलं शिकवलंय,” बाई म्हणाल्या.

“यांनी नाही, हेडसरांनी. चौथ्या धड्यापासून सगळं त्यांनीच शिकवलं.”

मुलं खरं बोलतात, ही शाळा चालवण्यातली मोठीच अडचण आहे.

बाईंनी हेडसरांच्या खोलीत बसून बदली तासांची वही आणि रजेचे अर्ज मागवले. पानोपानी एकच नाव. माझ्या रजेचे अर्ज त्या एकेक करून बाजूला ठेवत होत्या आणि मी दारात उभा राहून घाम पुसत होतो. हेडसरांनी माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी ते सुटले असते. पण “रजा मी मंजूर केल्या, चूक माझी,” एवढंच ते म्हणाले.

“तुम्ही हेडमास्तर आहात की बदली शिक्षक?” बाईंनी विचारलं.

मुलांचा अभ्यास झाला होता, म्हणून हेडसरांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. तेवढ्या काळात शिक्षक आपापल्या वर्गात दिसले नाहीत तर परत फळा, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं. मला लाज वाटली. पुष्कळ वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी माफी मागायला त्यांच्या खोलीत गेलो. वाटेत जुळवलेली वाक्यं ऐनवेळी कुठे गेली कोण जाणे. शनिवारच्या रजेचा आठवड्यापूर्वी लिहिलेला अर्ज माझ्या खिशातून डोकावत होता, तो त्यांना दिसला.

“अर्ज आहे ना? द्या.”

“राहू द्या सर. फाडून टाकतो.”

“नको, द्या. कधीतरी सुरुवात करायलाच हवी.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. चष्मा पुसला. ‘नामंजूर’मधला पहिला ‘ना’ लिहितानाच त्यांचा हात असा थरथरायला लागला, की कागद टेबलावरून सरकू लागला. मी पुढे झालो आणि त्यांचं लिहून होईपर्यंत तो दोन्ही हातांनी दाबून धरला.