एका टप्प्याचा गोल

दत्तूअण्णा फुटबॉलची मॅच मैदानाकडे पाठ करून बघायचे. दर सव्वीस जानेवारीला परळच्या मैदानात आमच्या लालबागच्या चाळीची माझगावच्या डॉकवाल्यांशी मॅच असे. तेव्हा कडेला, खेळाकडे पाठ करून उभा असलेला, मिरची कांडून हात लाल झालेला बुटका माणूस दिसला की ते आमचे अण्णा. मसाल्याचा डंक, म्हणजे मिरची कांडायची गिरणी, चालवायचे. "मी वळान बघलंय की गोल बसता," म्हणायचे.

मी गोलकीपर. अण्णा सतरा वर्षं वळले नाहीत आणि सतरा वर्षं आम्ही हरलोच, हे मी एकदा त्यांना दाखवून दिलं. तर म्हणाले, "वळलंय असतंय तर धा-धा बसले असते. उपकार मान माझे."

दोन्हीकडे एक जुना रिवाज होता. हरलेल्यांच्या वडीलधाऱ्याने दुसऱ्या दिवशी जिंकलेल्यांच्या दारात जायचं, घरचा मसाला द्यायचा आणि सगळ्यांसमोर त्यांचा गोल कसा झाला ते सांगायचं. अण्णांनी तो पाहिलेला नसे, म्हणून मी खाल्लेला गोल मलाच बसमध्ये त्यांना समजावून सांगावा लागे. माझ्या जिवावर यायचं. पण माझगावात फ्रान्सिसच्या व्हरांड्यात उभे राहिले की अण्णा त्या गोलाचं सोनं करायचे. माझ्या हातातून सुटलेला साधा चेंडू त्यांच्या तोंडी वाऱ्यावर वळून कोपऱ्यात शिरायचा. फ्रान्सिस त्यांच्या टीमचा म्होरक्या, डॉकमधला फिटर. खूश होऊन आम्हाला जेवू घालूनच सोडायचा.

परतताना अण्णा एकदाच बोलले, "एकदा तो माझ्या दारात येवन गोल सांगूक होयो रे. मगे मेलंय तरी चलात."

अठराव्या वर्षी, शेवटची दोन मिनिटं उरली असताना, बरोबरी चालली होती. मी वैतागून गोलकिक मारली. मारायची म्हणून मारली, देवाशपथ. चेंडू वाऱ्यावर चढला, त्यांच्या गोलकीपरसमोर एक टप्पा पडला, त्याच्या डोक्यावरून उडाला आणि जाळ्यात. माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा गोल. अण्णा पाठ करूनच उभे होते. मी धावत जाऊन त्यांना उचललं तेव्हा घाबरून विचारतात, "किती बसले?"

दुसऱ्या दिवशी फ्रान्सिस आला. हातात बायकोने केलेल्या मसाल्याची बाटली, तोंड एवढंसं. अख्खी चाळ गॅलरीत. त्याने गोल सांगितला. अण्णा म्हणाले, "परत." सहा वेळा सांगायला लावला. मग हळूच म्हणाले, "फ्रान्सिस, तो टप्पो गाळ ना. टप्प्यान गोल म्हणजे नशिबाचो वाटता."

"पडला तर पडला, दत्ता. खोटं नाय बोलनार मी."

"सतरा वर्षां तुमचे गोल सजवलंय मी. तुका एक टप्पो गाळूक जमना नाय?"

"नाय."

अण्णांनी ती बाटली कधी फोडली नाही. डंकावर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी ठेवली. गिऱ्हाईक मिरची घेऊन आलं की आधी बाटलीची हकिगत, मग कांडप. लोकांना वेळ असो नसो. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोन वर्षांनी अण्णा गेले, झोपेतच. तेराव्याला फ्रान्सिस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पुन्हा मसाल्याची बाटली. ती त्याने फोटोपुढे ठेवली, घसा खाकरला आणि कोणी न विचारता सगळ्यांसमोर सातव्यांदा गोल सांगायला लागला. लालबागच्या गोलकीपरने कशी नेम धरून किक मारली, चेंडू कसा मैदानभर उंचावरून आला. "आमचा गोलकीपर नुसता बघत राहिला," म्हणाला.

मग थांबला. फोटोकडे बघून म्हणाला, "डायरेक्ट गेला, दत्ता. टप्पा-बिप्पा काय नाय पडला."