दोन जावांचा चीनचा बेत

बसडेपोत त्यांना सगळे मिनिटबाई म्हणत. एकतीस वर्षं त्या वेळापत्रक विभागात होत्या. कुठली बस किती वाजता सोडायची, कुठल्या थांब्यावर किती वेळ उभी करायची, ड्रायव्हरला चहाला किती मिनिटं द्यायची, हे सगळं त्या चौकटींच्या लांबलचक कागदावर पेन्सिलीने आखायच्या. कागदावरची बस कधी चुकली नाही. रस्त्यावरची मात्र क्वचितच वेळेवर आली, आणि त्याबद्दल लोकांची बोलणी खायला चौकशीच्या खिडकीशी पुन्हा मिनिटबाईच.

म्हणून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा परदेशी कुठे जायचं, याचा त्यांना फार विचार करावा लागला नाही. डेपोच्या कँटीनमधल्या टीव्हीवर त्यांनी एकदा चीनमधली एक आगगाडी पाहिली होती. फलाटावरच्या घड्याळात आकडा बदलला आणि गाडी हलली. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला तीनदा सांगितलं, "अहो, अगदी ठोक्याला सुटली हो! मला एकदा तिथे फलाटावर उभं राहून बघायचंय."

नवरा म्हणाला, "तू खुशाल जा. विमानात माझे गुडघे कुठे ठेवू? मला गॅलरीतली खुर्ची बरी."

मग राहिली धाकटी जाऊ. ती वरच्याच मजल्यावर राहायची आणि पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. लोकांच्या खिडक्या मापायला जाताना टेप विसरली तर सरळ वितीने माप घ्यायची आणि म्हणायची, "थोडं जास्त धरू, मग आत दुमडता येतं." चोवीस वर्षं दोघी एकमेकींच्या घरात वाटी, चमचा, सुई-दोरा मागायला येत-जात होत्या. भांडण असं कधी झालं नव्हतं. पण दोघीच मिळून कुठे गेल्या आहेत, असंही कधी झालं नव्हतं. विचारल्यावर धाकटी टुणकन उडालीच. "चला ताई! कधी निघायचं?"

मिनिटबाईंनी जेवणाच्या टेबलावर जुना चौकटींचा कागद पसरला. सात दिवस, चार शहरं. शांघाय, ग्वांगझू, शीआन, बीजिंग. आठवड्याभराने त्यांनी धाकटीला बोलावलं आणि चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

"सहा चाळीस, नाश्ता. सात पाच, हॉटेल सोडणे. सात बावीस, मेट्रो."

"आणि अंघोळी?"

"सहा दहा ते सहा अठ्ठावीस."

"माझी?"

"दोघींच्या मिळून."

धाकटी "छान आहे हं" म्हणाली, चहा संपवून वर गेली आणि त्या दिवसापासून गप्प झाली. पासपोर्टसाठी फोटो काढायचे होते, ते काढले नाहीत. दुकानात रजेचा अर्ज द्यायचा होता, तो दिला नाही. जिन्यात भेटली की घाईत असायची. दोन आठवडे तिने ताकास तूर लागू दिली नाही. मिनिटबाई आतून खट्टू झाल्या. "तिला माझ्याबरोबर यायचंच नाहीये," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मग तिलाच विचार ना. मला काय विचारतेस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या थेट पडद्यांच्या दुकानात गेल्या. मागच्या खोलीत कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले, मधे लांब टेबल, आणि टेबलाशी धाकटी, तोंडात दोन टाचण्या धरून. जाऊबाईंना दारात बघून तिने टाचण्या हळूच बाहेर काढल्या.

"यायचं नसेल तर तसं सांग," मिनिटबाई म्हणाल्या. "मी रागावणार नाही."

"यायचंय ताई. खूप यायचंय. पण त्या कागदाबरोबर नाही यायचं." एकदा बोलायला लागल्यावर ती थांबेना. "मी वाचला नंतर. तुम्ही बाजारात गेलात तेव्हा खाली येऊन सगळा वाचला. सात दिवसांत बसून काही बघायला एकूण पन्नास मिनिटं आहेत. बाकी नुसती पळापळ. तुम्हाला कसं सांगायचं, कळेना. इतक्या मेहनतीने केलेला. तुमच्या मागे कोण लागलंय एवढं?"

मिनिटबाई एका ताग्यावर टेकल्या. त्यांनी पर्सची चेन दोन-तीनदा उघडली आणि लावली. मग जे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

नोकरीच्या पंधराव्या वर्षी शहराच्या टोकाला नवी वसाहत झाली होती. तिथला बसमार्ग त्यांनीच आखलेला. तो बघायला म्हणून त्या एकट्या गेल्या आणि चुकून एक थांबा आधीच उतरल्या. सगळ्या इमारती एकसारख्या, एकाच रंगाच्या. दोन वळणं घेतली आणि कुठून आलो तेच कळेना. गळ्यात बस कंपनीचं ओळखपत्र, त्यामुळे कुणाला विचारायचीही लाज. दीड तास त्या एका भिंतीशी उभ्या होत्या. शेवटी आपलीच बस समोरून जाताना दिसली, तेव्हा कुठे वाट सापडली.

"आणि तिथे तर पाटीसुद्धा वाचता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मोकळा वेळ ठेवला की मी हरवणार. म्हणून एकही मिनिट मोकळं ठेवलं नाही."

धाकटी हसेल अशी त्यांना भीती होती. ती हसली नाही. तिने टाचण्या टेबलावरच्या छोट्या उशीत खोचल्या आणि विचारलं, "रविवारी काय करताय?"

"दहा वाजता कपाट आवरायचं..."

"कपाट राहू दे. आपण हरवायला जाऊ."

रविवारी सकाळी दोघी एका बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरल्या. इथे दोघींपैकी कुणीच कधी आलं नव्हतं. नियम धाकटीने घातले होते, जणू चीनमध्येच आहोत असे. पाट्या वाचायच्या नाहीत, फोन काढायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. जवळ फक्त घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. आधी अर्धा तास वाटेल तिकडे वळत गेल्या. मिनिटबाईंच्या मनात ती जुनी भीती आलीच. पण या वेळी शेजारी धाकटी होती, एका खिडकीतल्या पडद्याकडे बघून नाक मुरडत.

सायकल दुरुस्तीवाल्यासमोर त्यांनी चिठ्ठी धरली. त्याने ती वाचली आणि या बायका परक्या मुलखातल्या आहेत असं समजून भलत्याच मोठ्या आवाजात बोलायला लागला. "सरळ! मग डावीकडे! डावीकडे!" शेजारचा फळवाला म्हणाला, छे, उजवीकडून जवळ पडतं. दोघांची चांगलीच जुंपली. सायकलवाल्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर खडूने नकाशा काढला, फळवाल्याने तो पुसून दुसरा काढला. धाकटी रुमालात तोंड लपवून थरथरत होती. शेवटी तान्ह्या बाळाची गाडी ढकलत चाललेली एक बाई म्हणाली, "या माझ्याबरोबर," आणि तिने दोघींना थांब्यापर्यंत नेऊन सोडलं. चिठ्ठी दाखवल्यापासून घराच्या बसमध्ये बसेपर्यंत चाळीस मिनिटं लागली.

कंडक्टर जुना होता. बघितल्याबरोबर ओरडला, "अरे, मिनिटबाई! तुम्ही इकडे कुठे?"

मिनिटबाईंनी एक शब्द न बोलता त्याच्यापुढे चिठ्ठी धरली. कंडक्टरचा चेहरा असा काही झाला की धाकटीला हसू आवरेना, आणि मग मिनिटबाईही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसून दमल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ती भीती कुठेतरी वाटेतच उतरून गेली होती.

घरी आल्या आल्या त्यांनी खोडरबर घेतलं. शीआन गेलं, ग्वांगझू गेलं. त्यांचं थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. तीन दिवस शांघाय, तीन दिवस बीजिंग, आणि मधल्या दिवशी ती आगगाडी, साडेचार तासांची. पण वेळापत्रकाची सवय ती सवयच. बीजिंगचा जुना राजवाडा सोमवारी बंद असतो, हे त्यांनीच हेरलं आणि सगळे दिवस एकाने पुढे सरकवले. प्रवास कार्यालयातल्या बाईकडून हॉटेलांचे पत्ते चिनी अक्षरांत लिहून घेतले. तिथे बहुतेक ठिकाणी पैसे फोनवरून देतात म्हणून दोघींच्या फोनवर तीही सोय करून घेतली. धाकटीने फोटो काढले, रजेचा अर्ज दिला. दुकानाच्या मालकीणबाईंनी एवढंच विचारलं, "मोठ्या हॉलचे पडदे आधी संपवशील ना?"

तरी व्हिसा हातात येईपर्यंत जिवाला घोर होताच. अर्जात आडनावाचं एक अक्षर चुकलं असेल, असं मिनिटबाईंना रोज सकाळी नव्याने वाटायचं. अकराव्या दिवशी प्रवास कार्यालयातून फोन आला. दोघी गेल्या. काउंटरवरच्या बाईने दोन्ही पासपोर्ट पुढे सरकवले. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मिनिटबाईंचा जीव भांड्यात पडला.

"पहिल्या दिवशी दुपारी काही ठरवलंय का?" काउंटरवरच्या बाईने विचारलं. "एखादी सहल लावून देऊ?"

"नको," मिनिटबाई म्हणाल्या. "दुपारी जरा पडू. मग बाहेर पडू, हिला खिडक्या बघायच्या असतील."

बाहेर येऊन दोघी रस्त्याकडेच्या बाकावर बसल्या. धाकटीने जाऊबाईंचा पासपोर्ट उघडला, आतला फोटो पाहिला आणि म्हणाली, "ताई, पकडलेल्या चोरासारख्या दिसताय."

"तुझा दाखव आधी," मिनिटबाई म्हणाल्या, आणि तिच्या मांडीवरचा तिचा पासपोर्ट त्यांनी ओढून घेतला.