बांधावरची ढोकरी

वडगावच्या जयाबाईचं सगळं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं. माहेरी हातमाग, सासरी पॉवरलूम. घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची, त्यामुळं नव्या पाहुण्याला वाटायचं, यांचं भांडणच चाललंय. नवरा नागेंद्र माग चालवायचा, ती धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायची. साडी विणताना कुठं धागा तुटला, तर तो डोळ्यांच्या आधी तिच्या बोटांना सापडायचा.

मग एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरलं. मागांच्या मोटारी जळाल्या, माग गंजले. दिवाळीच्या आधी भंगारवाला आला आणि ते तोडून घेऊन गेला. नागेंद्र पायरीवर बसून बघत होता. संक्रांत झाली आणि एका दुपारी तो जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

जयाबाई रडली नाही. शेजारणी म्हणाल्या, "रड गं बाई, मोकळी हो." तिनं रडून बघितलं, पण आत काही हललंच नाही. सून रचना ताट वाढायची, ती जेवायची. काय खाल्लं, विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मुलगा युवराज सकाळी उद्यमबागच्या कारखान्यात गेला की ती चपला घालायची आणि येळ्ळूर रस्त्याकडच्या शिवारात, नाल्याच्या बांधावर जाऊन बसायची.

तिथं बगळ्याच्या जातीची एक ढोकरी असायची. पहिले काही दिवस तर ती दिसलीच नव्हती. कोंबडीहून बारकी, चिखलाच्या रंगाची, मान खांद्यात ओढून घेतलेली, छातीवर मातकट रेघा. जयाबाईला ते ढेकूळच वाटलं होतं. नीट बघितल्यावर ढेकळाला पिवळा डोळा दिसला. उथळ पाण्यात पाय रोवून ढोकरी हलायचीच नाही. मग एकदम मान लांब व्हायची, चोचीत बेडूक धडपडायचा, तो गिळला की पुन्हा ढेकूळ. माणूस अगदी जवळ गेला तरच घोगरं ओरडून उडायची, आणि पंख उघडले की पांढरीशुभ्र. बसल्यावर एवढं पांढरं कुठं दडवत असेल? नवल वाटावं असंच होतं ते. जयाबाईला वाटत नव्हतं. ती नुसती बघायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी ढोकरी उडायला गेली आणि तोंडावर आपटली. कुणीतरी टाकलेल्या मासे धरायच्या जाळीचा तुकडा तिच्या पायांत आणि एका पंखात गुरफटला होता. जयाबाई बांधावरून उतरली. चिखल पोटरीपर्यंत आला. तिनं पदर सोडून पाखरावर टाकला आणि त्याला मांडीत दाबून धरलं.

"गप रं, गप," ती म्हणाली.

बोटं दोऱ्याचं टोक शोधायला लागली. गाठ सैल झाली, दुसरी झाली. पायात दोरा रुतून मांस दिसत होतं. तेवढ्यात पदरातून चोच बाहेर आली आणि तिच्या तळहातात खोल घुसली. तिनं हात मागं घेतला नाही. शेवटचा वेढा सुटल्यावर तिनं पदर उचलला. ढोकरी कलंडली, उभी राहिली, मग एक पाय लोंबकळत ठेवून नाल्यापलीकडं उडाली.

घरी आल्यावर रचना घाबरली. "आत्ती, हे काय झालं? कुठं गेलतासा?"

"ढोकरीनं टोचलं."

रचनानं हात धुतला, हळद दाबून चिंधी बांधली आणि म्हणाली, "आता दवाखान्यात जाऊन सुई घेऊन येऊया. लई दुखतंय काय?"

जयाबाईनं हाताकडं बघितलं. 

"व्हय," ती म्हणाली. "दुखतंय."

दवाखान्यात जाताना रिक्षात तिनं तेच पुन्हा एकदा सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

पुढं ती बांधावर गेली, तेव्हा एक ढोकरी पाण्यात उभी होती. तीच की दुसरी, कळायला मार्ग नव्हता. पाय पाण्यात होते.

जखम भरल्यावर गल्लीतल्या अक्काताईनं तिला आपल्या पॉवरलूमवर बोलावलं. आता जयाबाई तिथं कांड्या भरते. रडू अजून आलेलं नाही. अक्काताई कधीतरी विचारते, "घरात करमत न्हाय काय गं?"

"न्हाय," जयाबाई म्हणते, आणि पुढची कांडी लावते.