काटकोन आणि त्याची वाकडी तिवई

आमच्या शेजारच्या सुताराला सगळे काटकोन म्हणत. नाव ठेवलं त्याच्या बायकोनेच. वाकडं म्हणून काही त्याला खपायचं नाही. जेवायला बसला की आधी ताट टेबलाच्या कडेशी सरळ करणार. दुसऱ्याकडे गेला तर चहा येईपर्यंत भिंतीवरचं घड्याळ नीट करून मोकळा. अशा माणसाच्या घरात युकासारखं वाकडंतिकडं वाढणारं झाड असावं, याला काय म्हणावं!

लेकीने पहिल्या पगारातून ते वीतभर रोप आणलेलं. वाढत वाढत छताला टेकलं आणि तिथून मान वळवून पंख्याकडे निघालं. पंखा लावला की पानांच्या चिंध्या खाली. वहिनींचा रोज तोच पाढा, "लोकांची कपाटं करता, घरातलं जंगल तेवढं दिसत नाही!" त्यात लेकीचा फोन आला. तिने नवीन घर घेतलं होतं. "बाबा, मला दुसरं काही नको. त्याच झाडाचं रोप द्या, दारात ठेवायचंय."

झालं! करवत निघाली. नर्सरीवाल्याने बजावलं होतं, खोडाचे तुकडे करा, काप सुकू द्या, मग रोवा. फक्त खालचं टोक खालीच राहू द्या. काटकोनाने गुण्याची काटकोनी पट्टी लावून सगळे तुकडे एकसारखे कापले. शेंडा पंख्याने सोललेला, तो कचऱ्यात. बुंधाही मुळासकट उपटला, अर्धवट काम त्याला ठाऊकच नाही. इथवर ठीक. पण हाताची सवय जाते कुठे? पठ्ठ्याने दोन्ही टोकांना पॉलिश पेपर मारला, खोडावरच्या पानांच्या खुणाही हलकेच घासल्या आणि तुकडे खिडकीत रचले. रोवायला घेतले, तर वर कुठलं न् खाली कुठलं, काही कळेना!

मी म्हटलं, "अरे, पेन्सिल तर कायम कानावर असते तुझ्या."

"दादा, तुम्ही गप्प बसा! झाडाला स्वतःला कळत नाही का?"

अंदाजाने रोवले. एकेक मऊ पडून कुजायला लागला. लेकीचा फोन वाजला की हा बाथरूममध्ये. तिला सांगणार काय? तिचं झाड कापलं आणि मारलंही?

शेवटी वहिनींनी उरलेले तुकडे उपटले आणि कुंडीत आडवे निजवून अर्धे मातीत दाबले.

"आडवं? झाड कुणी आडवं लावतं का?"

"तुमचं उभं बघितलं की आम्ही."

पुष्कळ दिवसांनी एका तुकड्याला कोंब आला. एकालाच, आणि तोही तिरका! काटकोन चिडून काठी बांधायचा, वहिनी सोडायच्या. लेक आली ती बघूनच हरखली. "कसलं गोड वाकलंय! बाबा, याला हात लावायचा नाही हं."

दात-ओठ खात तो कारखान्यात शिरला. दुपारभर ठोकाठोक चालली. बाहेर आला तो तिवई घेऊन, एक पाय मुद्दाम आखूड. तिच्यावर कुंडी ठेवली, ओळंब्याची दोरी धरली. रोप उभंच्या उभं. जन्मात केलेली पहिली वाकडी वस्तू, तीही मोजूनमापून.

आता लेकीकडे येणारा प्रत्येक शहाणा त्या आखूड पायाखाली कागदाची घडी सरकवतो. काटकोन दर खेपेला आत पाऊल टाकण्याआधी वाकून ती उपसतो आणि जावयाला ऐकवतो, "सरळ म्हणजे काय, कुणाला कळतच नाही या घरात!"